पाळीच्या पलीकडे: पीसीओएस आणि त्यावरचे उपचार

पीसीओएस कायमचा घालवणारं औषध आज जगात कुठेच नाही. त्याच्यामुळे होणाऱ्या जवळजवळ प्रत्येक त्रासावर मात्र उपाय आहे. लांबणाऱ्या पाळीवर आहे, हनुवटीवर उगवणाऱ्या केसांवर आहे, दिवस न राहण्यावर आहे आणि हळूहळू चढणाऱ्या साखरेवरही आहे. अडचण अशी की हे सगळे उपाय एका चिठ्ठीत मावत नाहीत. ज्या बाईला मूल हवं आहे तिच्या गोळ्या बीज तयार व्हावं म्हणून असतात, आणि जिला नुसती पाळी वेळेवर हवी आहे तिच्या गोळ्या बीज तयार होणं थांबवतात. दोघींच्या रिपोर्टवर आजाराचं नाव एकच असतं. तरीही आपल्याकडे बहुतेक मुलींच्या वाट्याला एकच साचा येतो: सोनोग्राफी, एकवीस गोळ्यांचं पाकीट, 'वजन कमी कर' हा सल्ला, आणि घरी आल्यावर एखाद्या मावशीची भर, 'लग्न होऊन एक मूल झालं की आपोआप होईल नीट.'

माझं म्हणणं सरळ आहे. त्या बाईला आत्ता काय हवं आहे, कशाचा त्रास सगळ्यात जास्त होतो आहे, इथून उपचार सुरू व्हायला हवा. आणि तिने विचारलं नाही तरी डॉक्टरांनी दोन गोष्टींवर कायम नजर ठेवायला हवी: रक्तातली साखर आणि गर्भाशयाचं अस्तर.

अंडाशयाकडेच बोट दाखवायची सवय जुनी आहे. 1935 साली शिकागोच्या आयर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. पाळी येत नव्हती, अंडाशय मोठे झाले होते, त्यांत बारीक बारीक पोकळ्या दिसत होत्या. डॉक्टरांनी अंडाशयाचा पाचरीच्या आकाराचा तुकडा कापून काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले. पुढे कितीतरी वर्षं या आजाराला त्या दोघांचंच नाव होतं. सोनोग्राफी आली तशी अंडाशयावरची नजर आणखी पक्की झाली. पण पडद्यावर दिसणाऱ्या त्या 'गाठी' खरं तर गाठी नसतातच. दर महिन्याला अंडाशयात बरीच फॉलिकल्स, म्हणजे बीज वाढवणाऱ्या बारीक पिशव्या, वाढायला लागतात, त्यातलं एक पुढे जातं, त्यातून बीज सुटतं आणि बाकीची विरून जातात. पीसीओएसमध्ये पुढे जाणारं ते एक अनेकदा पुढे जातच नाही. दोन ते नऊ मिलिमीटरवर थांबलेली ती सगळी फॉलिकल्स सोनोग्राफीत दिसतात. ती कर्करोगाची नसतात, ती काढून टाकायची नसतात, आणि त्यांच्यासाठी गर्भाशय काढण्याचं तर काहीच कारण नसतं. 'पीसीओडी म्हणजे साधं, पीसीओएस म्हणजे गंभीर' असंही पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं. त्यालाही आधार नाही. आपल्याकडे दोन्ही नावं एकाच आजाराला वापरतात.

निदानाचे आज सर्वत्र मानले जाणारे निकष 2003 साली रॉटरडॅमला ठरले. तीन गोष्टी पाहायच्या: पाळीची अनियमितता; पुरुषी हॉर्मोन जास्त असल्याची खूण, म्हणजे चेहऱ्या-छातीवर जाड केस, हट्टी मुरुमं किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन; आणि सोनोग्राफीतलं ते चित्र. तिन्हींपैकी दोन असली की पीसीओएस. याचाच अर्थ पहिल्या दोन असल्या तर सोनोग्राफीची गरजच उरत नाही. आणि फक्त तिसरी असेल, पाळी वेळेवर येत असेल, केस-मुरुमं नसतील, तर तो पीसीओएस नव्हे. नुसत्या सोनोग्राफीवरून आजाराचा शिक्का बसलेल्या कितीतरी तरुणी आहेत, आणि त्यातल्या काही जणी आपल्याला मूल होणारच नाही असं धरून जगत असतात. हे थांबायला हवं. 2023 साली मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या हेलेना टीड यांच्या नेतृत्वाखाली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सुधारल्या गेल्या. त्यांनी प्रौढ स्त्रियांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ततपासणीही चालेल असं म्हटलं आहे. मात्र निदान पक्कं करण्याआधी दुसरी कारणं बाजूला काढावी लागतात. गरोदरपण नाही ना, थायरॉइड ठीक आहे ना, प्रोलॅक्टिन वाढलेलं नाही ना, आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात दोष नाही ना, हे साध्या तपासण्यांतून कळतं. काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, तर ते पीसीओएसच्या चालीचं नाही. तेव्हा अजिबात थांबू नये.

मोजपट्टी बदलली की आकडे किती बदलतात, हे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत दिसलं. 18 ते 40 वयाच्या 9,824 स्त्रियांची ही पाहणी 2024 साली प्रसिद्ध झाली. 1990 च्या कडक अमेरिकी निकषांनी त्यातल्या 7.2 टक्के स्त्रियांना पीसीओएस होता, तर रॉटरडॅमच्या निकषांनी 19.6 टक्क्यांना. बायका त्याच, फक्त निकष वेगळे. कुठलाही आकडा धरला तरी तुमच्या ओळखीत, कचेरीत, चाळीत वा सोसायटीत ही अडचण असलेली कुणी ना कुणी आहेच.

किशोरवयीन मुलींबाबत सगळ्यात जास्त सावध राहायला हवं. पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्षभर ती कशीही येणं स्वाभाविक आहे. त्यानंतर तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत दोन पाळ्यांमध्ये 45 दिवसांपर्यंतचं अंतरही चालतं. पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं तरी सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये, कारण या वयात निरोगी मुलींचे अंडाशयही तसेच दिसतात. मुंबईतल्या किशोरवयीन आणि तरुण मुलींच्या 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रॉटरडॅमच्या निकषांनी 22.5 टक्के मुली पीसीओएसच्या निघाल्या. कडक निकष लावले तेव्हा तोच आकडा 10.7 टक्क्यांवर आला. म्हणून या वयात पाळीची अनियमितता आणि वाढलेल्या पुरुषी हॉर्मोनची खूण, ही दोन्ही असल्याशिवाय निदान करायचं नाही. एकच असेल तर 'धोका आहे, लक्ष ठेवू, दोन वर्षांनी पुन्हा पाहू' असं सांगायचं. सोळाव्या वर्षी आजारी ठरवणं आणि सोळाव्या वर्षी लक्ष ठेवणं यांत त्या मुलीच्या मनासाठी मोठा फरक असतो. दुसऱ्या बाजूला, पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाल्यावरही वर्षाकाठी आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील तर 'आमच्यातही असंच होतं' म्हणून गप्प बसणंही बरोबर नाही. घराण्यात असणं हे दुर्लक्षाचं कारण होऊ शकत नाही. उलट हा आजार आनुवंशिक आहे याची ती खूणच असते.

आता मूळ मुद्द्याकडे. बहुतेक जणींच्या पीसीओएसमागे इन्सुलिनचं नीट न चालणारं काम असतं. पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते जास्त बनवतं. हे जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हॉर्मोन बनवायला उत्तेजन देतं. त्याच वेळी, त्या हॉर्मोनला रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी तयार होतं. मग मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं, केस-मुरुमं येतात, फॉलिकल्स अर्ध्यात थांबतात, पाळी लांबते. मानेभोवती, काखेत येणारा मखमली काळेपणा ही याच इन्सुलिनची खूण आहे. घरोघरी मुलींच्या माना त्यापायी उटण्याने, लिंबाने, ब्रशने घासल्या जातात. 'नीट अंघोळ करत नाहीस' म्हणून बोलणी बसतात. तो मळ नसतो. घासून तो जात नाही, त्वचा मात्र सोलवटते. अशी मान दिसली तर मुलीची साखर तपासायला हवी.

आणि इथे आपल्या शरीराची घडण आड येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के. दिसायला सडपातळ पण आतून चरबी जास्त, अशी ही भारतीय ठेवण आहे. म्हणून 'मी तर बारीक आहे, मला कसला पीसीओएस' हा तर्क आपल्याकडे टिकत नाही. बीएमआय 23 च्या पुढे गेला किंवा कंबर 80 सेंटिमीटरच्या वर गेली की आपल्या बायकांनी जपायला हवं. उपाशीपोटीच्या साखरेवरही विसंबू नये. ती पुष्कळदा ठीक येते आणि खरी गडबड लपून राहते. 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी जास्त खरं सांगते. निदान झाल्यावर एकदा आणि नंतर दर एक ते तीन वर्षांनी ती करायची असते. कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबही पाहायचा. परिषदेच्या त्या देशव्यापी पाहणीत पीसीओएस असलेल्या सुमारे 92 टक्के स्त्रियांच्या रक्तातल्या चरबीचं प्रमाण बिघडलेलं होतं आणि जवळपास एक तृतीयांश जणींना फॅटी लिव्हर होतं. एवढं असूनही अनेकींची फाइल वर्षानुवर्षं पाळी आणि मूल या दोनच विषयांभोवती फिरते.

आहाराबद्दल बाजारात फार आवाज आहे. कीटो, ग्लुटेनमुक्त, दूध बंद, ठरावीक बिया ठरावीक दिवशी. अमुक एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस आहे असं अजून सिद्ध झालेलं नाही. जो वर्षभर सांभाळता येईल तो चांगला. आपल्या घरात मटकी-मुगाच्या उसळी, ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठलं, ताक, पालेभाज्या, अंडी-मासे हे सगळं असतंच; कमी पडतं ते ताटातल्या प्रथिनांचं प्रमाण, आणि जास्त होतो तो भात, मैदा, साखरेचा चहा. उपवासाकडेही जरा बघायला हवं. श्रावणात आणि नवरात्रात साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वेफर्स, गोड शिरा यांवर दिवस काढला तर साखर नेहमीच्या जेवणापेक्षा जास्त उसळते. उपवास करायचा असेल तर राजगिरा, दही, शेंगदाणे, भगर बेताने घ्यावी. व्यायामाचं प्रमाण आठवड्याला किमान 150 मिनिटं आणि त्यात दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, असं सांगितलं जातं. हा दुसरा भाग बायका नेहमी सोडून देतात. स्नायू हे साखर वापरणारं सगळ्यात मोठं ठिकाण आहे, त्यामुळे वजन तसूभर कमी झालं नाही तरी व्यायामाने इन्सुलिनचं काम सुधारतं. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांच्या वजनात पाच ते दहा टक्के घट झाली तरी पुष्कळ जणींची पाळी नियमित होऊ लागते. पण वाढलेल्या इन्सुलिनमुळे वजन उतरवणं अवघड जाऊ शकतं, हेही लक्षात घ्यावं. 'आधी दहा किलो कमी करून या' असं म्हणून उपचार नाकारणं अन्याय आहे.

औषधांत पहिली येते एस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनची एकत्र गोळी, म्हणजे तीच गर्भनिरोधक. ती पाळीला वेळापत्रक देते, अस्तर साचू देत नाही आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन खाली आणते. 'या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही' ही भीती निराधार आहे. गोळी बंद केली की पाळी पुन्हा आपल्या जुन्या वळणावर जाते, एवढंच. ती आजार मिटवत नाही. एस्ट्रोजेनचा डोस जितका कमी तितका बरा. 35 मायक्रोग्रॅम एस्ट्रोजेन आणि सायप्रोटेरोन असलेली गोळी आपल्याकडे मुरुमांसाठी बरीच लिहिली जाते; तिने रक्ताच्या गुठळीचा धोका जास्त वाढतो, म्हणून ती पहिल्या पसंतीची नाही. डोळ्यांपुढे चमकत्या रेषा येऊन सुरू होणारी अर्धशिशी, वाढलेला रक्तदाब, आधी झालेली गुठळी, पस्तिशीनंतरचं धूम्रपान, यातलं काही असेल तर एस्ट्रोजेनची गोळी नकोच. डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण होऊन सांगावं.

गोळी घ्यायची नसेल तर काय? मग निदान अस्तराची काळजी घ्यावी. बीज सुटत नाही तेव्हा अस्तर वाढत राहतं, झडत नाही; वर्षानुवर्षं असं झालं तर त्यात कर्करोगाची शक्यता वाढते. तरुण वयात तो धोका एकूण कमीच असतो, पण टाळता येण्यासारखा आहे. नव्वद दिवस पाळी आली नाही तर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या काही दिवस देऊन ती आणतात. हॉर्मोन सोडणारी गर्भाशयातली कॉपर-टीसारखी साधनंही अस्तराला सांभाळतात.

मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध साखर, इन्सुलिन आणि थोडंफार पाळी यांसाठी उपयोगी पडतं. वजन जास्त असलेल्यांना अधिक. सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात आणि बऱ्याच जणी तिथेच सोडतात. 500 मिलिग्रॅमपासून सुरू करून एक-दोन आठवड्यांनी हळूहळू वाढवलं, जेवणाबरोबर घेतलं, सावकाश विरघळणारी गोळी मागितली तर त्रास पुष्कळ कमी होतो. वर्षानुवर्षं घेत असाल तर बी-12 तपासावं, शाकाहारी असाल तर नक्कीच. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं, तिर्झेपेटाइड आणि सेमाग्लुटाइड, 2025 पासून आपल्याकडे त्या कामासाठी मिळू लागली आहेत. वजन त्यांनी उतरतं, सोडल्यावर पुष्कळदा परत येतं. ती चालू असताना दिवस राहू देता कामा नये. तिर्झेपेटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणामही कमी होतो, हे फार थोड्या जणींना सांगितलं जातं.

चेहऱ्यावरच्या केसांचा प्रश्न डॉक्टरांना किरकोळ वाटतो, जिच्या हनुवटीवर ते असतात तिला नाही. पाहुणे यायच्या दिवशी पहाटे उठून चिमट्याने केस काढणाऱ्या मुली आपल्या आसपास आहेत. थ्रेडिंग किंवा वॅक्सिंगने केस वाढत नाहीत. लेझरचा चांगला उपयोग होतो, पण सावळ्या त्वचेला साजेसं यंत्र आणि सरावाचा हात हवा, नाहीतर डाग पडतात. आणि आतलं हॉर्मोन तसंच राहिलं तर केस पुन्हा येतात. केसांवर गर्भनिरोधक गोळीचा परिणाम दिसायला सहा महिने लागतात, कारण केसाचं चक्रच तेवढं लांब आहे. तेवढ्यानेही भागलं नाही तर स्पायरोनोलॅक्टोन जोडतात. ते घेताना गर्भनिरोधन सक्तीचं, कारण पोटातल्या मुलग्याच्या वाढीला ते घातक ठरू शकतं.

मुलाच्या बाबतीत बातमी चांगली आहे. पीसीओएस म्हणजे वांझपण नव्हे. बहुतेक जणींना मूल होतं, काहींना मदत लागते. उलट पाळी अनियमित म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं समजून बेसावध राहणाऱ्यांची फसगत होते. मदतीचं पहिलं औषध आज लेट्रोझोल आहे. 750 स्त्रियांवरच्या अमेरिकी चाचणीत, 2014 साली, लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी 27.5 टक्के जणींना मूल झालं, जुन्या क्लोमिफेनवर 19.1 टक्के जणींना. भारतात मात्र 2011 पासून वंध्यत्वासाठी या औषधावर बंदी होती. बाळात व्यंग येईल अशी शंका होती, ती पुढच्या अभ्यासांत टिकली नाही. बंदी 2017 साली उठली. म्हणजे जगभर पुरावा जमा होत होता त्या वर्षांत आपल्या बायकांना दुय्यम औषधावर भागवावं लागलं. लेट्रोझोलनंतरच्या पायऱ्या म्हणजे इंजेक्शनं, दुर्बिणीतून अंडाशयाला छिद्रं पाडणं आणि शेवटी टेस्ट ट्यूब बेबी. सुरुवातीलाच तिथे नेणाऱ्या केंद्रापासून जपावं. कुठलाही उपचार सुरू करण्याआधी नवऱ्याची वीर्यतपासणी व्हायलाच हवी. बाईच्या फाइलवर पीसीओएस लिहिलेलं असलं की ती राहून जाते. दिवस राहण्याआधी साखर तपासावी आणि राहिल्यावर पुन्हा, कारण या गरोदरपणात मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही जास्त दिसतात.

नैराश्य आणि अस्वस्थता पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये स्पष्टपणे जास्त आढळते, म्हणून 2023 च्या सूचना सांगतात की प्रत्येकीला त्याबद्दल विचारावं. हळदीकुंकवाला 'किती सुटलीस गं' म्हणणाऱ्या काकू आणि स्थळाला काही कळू नये म्हणून औषधाच्या डब्या लपवणारं घर, दोन्ही त्या ओझ्यात भर घालतात. लपवलेल्या आजाराचे उपचार मध्येच सुटतात.

इनॉसिटॉलची पाकिटं आता प्रत्येक औषधाच्या दुकानात आहेत. पुरावा तोकडा आहे, अपायही फारसा नाही. परवडत असेल आणि घ्यावंसं वाटलं तर घ्यावं, पण मेटफॉर्मिन किंवा गोळीच्या जागी नाही. आयुर्वेदिक औषधांवरचे अभ्यास लहान आहेत. वैद्यांकडून घेत असाल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं सांगा. 'तीस दिवसांत मुळासकट' म्हणणाऱ्या जाहिरातीपासून आणि वर काहीच न लिहिलेल्या चूर्णांपासून दूर राहा.

चाळिशीकडे पाळी बऱ्याच जणींची आपोआप नियमित होते. साखर, रक्तदाब आणि हृदयाचा धोका तेवढ्याने जात नाही. तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात. स्त्रीरोग, हॉर्मोन, त्वचा, आहार, मन हे सगळं एका जागी पाहणारा पीसीओएस दवाखाना परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बालआरोग्य संशोधन संस्थेत चालतो. असे दवाखाने जिल्हा रुग्णालयांत निघायला हवेत. तोपर्यंत ते काम आपल्यालाच जोडून घ्यावं लागेल. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना वर्षभराच्या पाळीच्या तारखा, घरातल्या मधुमेहाची माहिती आणि चालू औषधं कागदावर लिहून न्या, तुम्हाला सगळ्यात आधी काय हवं आहे ते एका वाक्यात सांगा, आणि ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी झाली नसेल तर ती स्वतःहून मागा.